मुंग्यांची वाट रोबोटला शिकवताना: ज्वारीच्या दाण्यांपासून चार रोबोटांपर्यंत

दुधाच्या पातेल्याखाली पाण्याचं ताट ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. पाणी ओलांडता येत नाही म्हणून मुंग्या दुधापर्यंत पोचत नाहीत. इथे तीच युक्ती उलटी वापरायची आहे. पाणी ठेवायचं, पण त्यावर दोन फाट्यांचा पूल टाकायचा आणि मुंग्या कोणता फाटा धरतात ते बघायचं. मग तोच खेळ ज्वारीच्या दाण्यांनी खेळायचा आणि शेवटी चार छोट्या रोबोटांकडून करून घ्यायचा. या रोबोटांकडे नकाशा नसेल, ते एकमेकांशी बोलणार नाहीत, आणि कोणता रस्ता किती लांब हे त्यांच्यापैकी एकालाही कळणार नाही. तरी पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक फेऱ्या जवळच्या रस्त्याने व्हायला लागतात.

पॉलिटेक्निकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जमेल इतकंच काम यात आहे. सोल्डरिंग येत असावं आणि आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवता येत असावा.

आधी खऱ्या मुंग्या

ही पायरी बरेच जण गाळतात आणि पुढे अडकतात, म्हणून ती कराच. एका परातीत बोटभर पाणी घ्या आणि मधोमध वाटी पालथी घाला. वाटीवर एक चमचा गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून त्याचे थेंब ठेवा. एकाच जाड पुठ्ठ्यातून दोन फाट्यांचा पूल कापा, एक फाटा २० सेंटिमीटरचा आणि दुसरा वळसा घालून ४० सेंटिमीटरचा. दोन्ही फाट्यांची रुंदी बोटाएवढी, आणि सुरुवातीला दोन्ही सारख्याच कोनात फुटलेले हवेत. एक फाटा सरळ आणि दुसरा काटकोनात असेल तर मुंग्या सरळच जातात, त्यात लांबी-आखूडपणाचा संबंध उरत नाही. पुठ्ठे जोडून पूल केलात तर चिकटपट्टीच्या सांध्यावर मुंग्या अडतात.

रांग लावणाऱ्या बारीक मुंग्या निवडा. मोठे मुंगळे बऱ्याचदा एकेकटे भटकताना दिसतात, त्यांच्यावर हा प्रयोग नीट उठत नाही. वेळ सकाळची किंवा दिवे लागणीनंतरची. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या फरशीवर कुणीच फिरकत नाही. आणि आठवड्याभरात त्या कोपऱ्यात मुंग्यांचा खडू ओढला असेल किंवा पावडर टाकली असेल तर जागा बदला.

अर्ध्या-पाऊण तासात रांग लागली की एका फाट्यावर दोन इंचांच्या पट्ट्यात ओलं बोट फिरवा. मुंग्या तिथे येऊन थबकतात, मिशा हलवतात, काही मागे फिरतात. वाट म्हणजे पुठ्ठा नव्हे, पुठ्ठ्यावर सांडलेला वास, हे इथे डोळ्यांनी दिसतं. मुंगी पोट टेकवत जाते आणि फेरोमोनचे, म्हणजे वास असलेल्या रसायनाचे, बारीक ठिपके सोडते. मागची मुंगी ते हुंगत येते आणि स्वतःचे ठिपके त्यात घालते.

१९८९ साली ब्रुसेल्सच्या विद्यापीठात गॉस, दनबूर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्जेंटाइन मुंग्यांना असाच पूल दिला होता. त्यात एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब होता. बहुतेक वेळा वाहतूक जवळच्या फाट्यावर गेली, कारण जवळून गेलेली मुंगी लवकर परतते आणि त्या फाट्यावर वास लवकर व वारंवार पडतो. याच संशोधकांनी जवळचा फाटा अर्ध्या तासाने जोडूनही पाहिला. तेव्हा मुंग्या लांबच्याच फाट्याला चिकटून राहिल्या. तिथला वास एवढा साठला होता की नवा रस्ता त्यांना मोहात पाडू शकला नाही.

म्हणजे लिहिणं सोपं आहे. अवघड आहे ते योग्य वेगाने पुसलं जाणं. शेतातून जाणारी पाऊलवाट चार महिने कुणी तुडवली नाही की गवतात जाते. ती गेली नसती तर विहीर आटल्यावरही माणसं त्याच वाटेने जात राहिली असती. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत डोळा या पुसण्यावर ठेवा.

पातेल्यातली ज्वारी

सहा जण जमवा. पांढऱ्या ज्वारीचे शंभरेक दाणे घ्या आणि तेवढ्याच दाण्यांना हळद चोळून पिवळे करा. पांढरा दाणा म्हणजे जवळचा रस्ता, पिवळा म्हणजे लांबचा. ज्वारी आणि मूग असे दोन वेगळे दाणे घेऊ नका, डोळे मिटले तरी बोटांना फरक कळतो.

पातेल्यात प्रत्येक रंगाचे पाच दाणे टाकून सुरुवात करा. ज्याची पाळी आहे त्याने डोळे मिटून दोन दाणे काढायचे. दोन्ही एका रंगाचे निघाले तर त्या रस्त्याने जायचं. वेगळे निघाले तर परत टाकायचे आणि पुन्हा काढायचे. एक जण संथ टाळ्या वाजवेल. जवळच्या रस्त्याची फेरी तीन टाळ्यांची, लांबच्याची सहा टाळ्यांची. फेरी संपली की आपल्या रंगाचे चार दाणे पातेल्यात टाकायचे आणि पुन्हा निवडायचं. दर सहा टाळ्यांनी प्रत्येक रंगाचे पाव दाणे काढून घ्यायचे, पण पाचाच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत.

दोन दाणे काढण्यात गंमत आहे. पातेल्यात १५ पांढरे आणि ५ पिवळे असताना एकच दाणा काढला तर पांढरा येण्याची शक्यता ७५ टक्के. दोन काढून जोडी जुळायची अट घातली की ती ९० टक्क्यांच्या आसपास जाते. थोडी आघाडी अशी झपाट्याने वाढते. दनबूर्गच्या गटाने १९९० मध्ये मुंग्यांवर जे सूत्र बसवलं तेही याच घाटाचं आहे: दोन्ही फाट्यांवरच्या वासात एक ठरावीक आकडा मिळवायचा, बेरजांचे वर्ग करायचे आणि त्या वर्गांच्या प्रमाणात निवड करायची. त्यांनी तो मिळवायचा आकडा २० धरला होता. एका फाट्यावर ३० आणि दुसऱ्यावर १० एवढा वास असेल तर ५० चा वर्ग २५००, ३० चा वर्ग ९००. म्हणजे पहिल्या फाट्याकडे साधारण ७४ टक्के.

मिळवायचा आकडा म्हणजे मुंगीचा संशय. तो मोठा असेल तर पुष्कळ वास साठेपर्यंत ती भुलत नाही. लहान असेल तर पहिल्याच ठिपक्यामागे सगळे धावतात. पातेल्यातले पाच-पाच दाणे हेच काम करतात. एकदा ते काढून खेळून बघा. तीन-चार फेऱ्यांत सगळे एका रंगावर अडकतात, आणि तो रंग बऱ्याचदा चुकीचा असतो. दुसऱ्यांदा दाणे काढून घेणं बंद करून खेळा. सुरुवातीला योगायोगाने पुढे गेलेल्या रंगाला मागे ओढणं किती कठीण होतं ते कळेल.

लॅपटॉपवर थोडक्यात

हाच खेळ पायथॉनच्या साठ-सत्तर ओळींत बसतो. वीस मुंग्या, दोन रस्ते, सेकंदाचा एक टप्पा. बाष्पीभवनाचा दर तेवढा बदलून बघा. दर सेकंदाला १ टक्का वास उडाला तर तो निम्मा व्हायला सुमारे ६९ सेकंद लागतात, ५ टक्के उडाला तर साडेतेरा सेकंद. पहिला अंदाज म्हणून जवळच्या फेरीच्या दुप्पट ते चौपट वेळात वास निम्मा व्हावा असा दर धरा.

इंटरनेटवरच्या तयार कोडमध्ये आल्फा (वासाला दिलेलं वजन) १, बीटा (अंतराला दिलेलं वजन) ५ आणि रो (वास उडण्याचा दर) ०.५ अशी मूल्यं दिसतील. ती मार्को डोरिगो आणि सहकाऱ्यांच्या अँट सिस्टीम या मुंग्यांवरून बेतलेल्या संगणकीय पद्धतीतून आली आहेत. डोरिगोने ही कल्पना १९९२ मध्ये मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या पीएचडी प्रबंधात मांडली. पण ती मूल्यं सगळी शहरं फिरून परत येणाऱ्या विक्रेत्याच्या कोड्यासाठी जुळवलेली आहेत, आणि बीटाला तिथे शहरांमधलं अंतर आधीच माहीत असतं. आपल्या रोबोटला अंतर माहीत नाही. ती मूल्यं जशीच्या तशी उचलू नका.

चमकणारा कागद

रोबोटला वास सोडायला लावणं त्रासाचं. काही संशोधकांनी अल्कोहोल वापरलं आहे, पण पंख्याची एक झुळूक आली की सगळं उडतं. सोपा मार्ग प्रकाशाचा. अंधारात हिरवट चमकणाऱ्या शीटवर जांभळा एलईडी धरला की ठसा उमटतो आणि हळूहळू आपोआप विझतो. बाष्पीभवनाचा कोड लिहावाच लागत नाही.

घोटाळा दुकानात होतो. नंबरप्लेट करणाऱ्याकडे ‘रेडियम’ मागितलं तर तो गाडीच्या दिव्यात चकाकणारी परावर्तक शीट देतो. ती प्रकाश परत फेकते, साठवून ठेवत नाही. तुम्हाला हवी ती जिन्याच्या पायऱ्यांवर, बाहेर पडण्याच्या पाटीवर वापरतात ती, दिवे गेल्यावर स्वतः चमकणारी. ओळखायची रीत अशी: नोटा तपासायचा जांभळा टॉर्च दोन सेकंद मारा, मूठ करून आत डोकावा. हिरवं दिसलं तर घ्या. ए-फोर आकाराची एक शीट पुरून उरते, कारण आपल्याला ६ बाय ४ सेंटिमीटरचे दोनच तुकडे लागतात.

मुंगीला सगळ्या वाटेवर वास टाकावा लागतो, कारण तिच्यासाठी दुसरी कुठलीच वाट आखलेली नसते. आपला रोबोट काळ्या पट्टीवरून चालतो. त्याला प्रश्न पडतो तो फक्त फाट्यावर, त्यामुळे खूण फाट्यापाशी असली की भागतं. ही तडजोड आहे, आणि ती मान्य करून पुढे गेलेलं बरं. पूर्ण रस्ताभर शीट चिकटवण्याच्या नादात पैसे संपतात आणि प्रयोग राहून जातो.

रस्ता

वाढदिवसाचा जुना फ्लेक्स घ्या, ६ बाय ४ फुटांचा. मागची बाजू पांढरी आहे ना ते बघा, काहींची काळी किंवा करडी असते. शहाबादी फरशीवर अंथरणार असाल तर खाली सतरंजी नको, ती वळते आणि चाकं घसरतात. फरशीचे सांधे उंचसखल असतील तर प्लायवूडवर ताणून बसवा. दोन दिवस आधी उन्हात पसरून ठेवला की घड्या जातात.

विजेच्या साध्या काळ्या इन्सुलेशन टेपने एकेरी रस्ता आखा. सुरुवातीला ५० सेंटिमीटरचा सामाईक तुकडा, मग फाटा. डावीकडे ६० सेंटिमीटरचा जवळचा रस्ता, उजवीकडे नागमोडी १८० सेंटिमीटरचा. दोन्ही पुढे एकत्र येतात, तीच ‘धान्याची जागा’. तिथून ६० सेंटिमीटरचा परतीचा रस्ता पुन्हा सामाईक तुकड्याला मिळतो. एकेरी ठेवण्याचं कारण उघड आहे: समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या मिशा लावून बाजूला होतात, दोन रोबोट एकमेकांना ढकलत बसतात. वळणाची त्रिज्या ८ सेंटिमीटरपेक्षा कमी नको.

सामाईक तुकड्यावर आडव्या टेपच्या खुणा करा. सुरुवातीला दोन आडव्या पट्ट्या, मध्ये २ सेंटिमीटरची फट. ही ‘शून्यापासून मोज’ची खूण. तिच्यापुढे १२ सेंटिमीटरवर एक आडवी पट्टी, तिच्याजवळ रस्त्याच्या उजव्या अंगाला डाव्या रस्त्याचा चमकता तुकडा. आणखी १२ सेंटिमीटरवर दुसरी पट्टी, तिथे उजव्या रस्त्याचा तुकडा. दोन तुकड्यांच्या मध्ये ३ सेंटिमीटर उंचीच्या काळ्या कार्डाची भिंत उभी करा, नाहीतर एका तुकड्यावरचा प्रकाश दुसऱ्यावर सांडतो.

रोबोट

प्रत्येकासाठी: आर्डुइनो नॅनो, ६ व्होल्ट १०० आरपीएमच्या दोन एन२० गिअर मोटरी, ३४ मिलिमीटरची दोन चाकं, पुढे एक बॉल कॅस्टर, टीबी६६१२ मोटर ड्रायव्हर, खाली बघणारे तीन टीसीआरटी५००० सेन्सर, समोरचा अडथळा ओळखणारं एक आयआर मॉड्यूल, टीएसएल२५९१ प्रकाश सेन्सर, ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचा एक एलईडी, १०० ओहमचा रेझिस्टर, दोन १८६५० सेल आणि ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर. मोटरी आणि ड्रायव्हर प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळतीलच असं नाही. सगळी यादी एकदम मागवा, आणि मोटरी दोन जास्त.

१८६५० सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं असेल तर तो ठेवून द्या. त्या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण साडेतीन हजारांच्या आसपास असते. दोन सेल पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देतात आणि मोटरी ६ व्होल्टच्या आहेत, म्हणून पीडब्ल्यूएम (मोटरला वीज चालू-बंद करत देण्याचं प्रमाण) ७० टक्क्यांच्या वर नेऊ नका. चालवायला एवढं लागतही नाही. चाकाचा घेर १०.७ सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण वेगाला सेकंदाला १७-१८ सेंटिमीटर. आपल्याला ८ हवेत. पीडब्ल्यूएम २५५ पैकी अंदाजे ११० ते १२० ठेवून टेपवर मोजा. चारही रोबोट एकाच वेगावर जुळवा, निदान अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकात.

टीएसएल२५९१ रोबोटच्या उजव्या बाजूला, शीटपासून १ सेंटिमीटर वर, काळ्या नळीत बसवा. शेजारी एलईडी. त्या जांभळ्या एलईडीत थेट डोळे घालून बघू नका. सेन्सर एकच वापरा. त्याचा आयटूसी पत्ता (आर्डुइनो ज्या क्रमांकाने त्याला हाक मारतो तो) कायमचा ठरलेला असतो, दोन लावले तर एकमेकांत मिसळतात. शिवाय दोन सेन्सर कधीच सारखे मोजत नाहीत आणि मग तुमच्या मुंग्यांना एका बाजूचा मोह जन्मजातच असतो.

खालच्या टीसीआरटी सेन्सरचे इन्फ्रारेड एलईडी ट्रान्झिस्टरमार्फत बंद करता येतील असे जोडा. टीएसएल२५९१ ला इन्फ्रारेडही दिसतं. ते चालू राहिले तर अंधाऱ्या शीटवरही आकडा फुगतो.

एका फेरीत

दुहेरी पट्टी दिसली की मोजणी शून्य. पहिल्या आडव्या पट्टीवर थांबा, इन्फ्रारेड बंद करा, १५० मिलिसेकंद थांबून वाचन घ्या आणि त्यातून अंधारातलं मूळ वाचन वजा करा. मागच्या फेरीत डावा रस्ता धरला असेल तर आता एलईडी २ सेकंद लावा. दुसऱ्या पट्टीवर उजव्या तुकड्यासाठी हेच. क्रम कायम आधी वाचा, मग लिहा. उलट केलंत तर रोबोट स्वतःचाच ताजा ठसा वाचतो आणि आयुष्यभर एकच रस्ता धरतो. पहिल्या फेरीत लिहायचं नाही, कारण अजून कुठे जाऊन आलेलाच नाही.

मग सूत्र लावून डाव्या रस्त्याची शक्यता काढा. ती ५ टक्क्यांच्या खाली आणि ९५ च्या वर जाऊ देऊ नका. ० ते ९९ मधला यदृच्छ आकडा घ्या, तो त्या टक्क्यांपेक्षा लहान असेल तर फाट्यावर डावीकडे, नाहीतर उजवीकडे वळा, मधल्या सेन्सरला पट्टी सापडेपर्यंत. सेकंदभरात सापडली नाही तर दुसरा रस्ता धरा, आणि कोणता धरला तो एक बिट लक्षात ठेवा. रोबोटची सगळी स्मरणशक्ती एवढीच.

या मापांनी जवळची फेरी थांब्यांसकट २६ सेकंदांची आणि लांबची ४१ सेकंदांची पडते.

मोजून घ्या

रोबोट सोडण्याआधी एक संध्याकाळ मोजमापाला द्या. तुकड्यावर २ सेकंद प्रकाश टाका आणि ५, १५, ३०, ६०, १२० व २४० सेकंदांनी वाचन लिहा. आलेख काढलात की दिसेल, चमक आधी धाडकन पडते आणि मग शेपटी लांब ओढत राहते. लॅपटॉपवरची घट दर सेकंदाला ठरावीक टक्क्यांनी होत होती, ही तशी नाही. म्हणून निम्म्या व्हायच्या एकाच वेळेवर विसंबू नका. एका ठशाचं ३० सेकंदांनंतरचं वाचन घ्या आणि सूत्रात मिळवायचा आकडा त्याच्या एक ते दोन पट ठेवा. मुंग्यांसाठीचा २० इथे कामाचा नाही. तिथे एक मुंगी गेली की एक एकक मोजलं जात होतं आणि मुंग्या शेकड्याने होत्या. आपल्याकडे चारच आहेत.

दुसरं, २ सेकंदांनंतर ४ आणि ८ सेकंदही प्रकाश टाकून बघा. चमक दुप्पट-चौपट होत नाही, शीट भरते. हा दोष नाही. श्ट्युट्झले आणि होस या संशोधकांच्या मॅक्स-मिन अँट सिस्टीममध्ये वासाला मुद्दाम वरची आणि खालची मर्यादा घातली आहे. शीटमधली वरची मर्यादा फुकटात मिळते.

पत्र्याच्या खोलीत मोजमाप सकाळी आणि प्रयोग दुपारी करू नका. तापलेली शीट आधी जास्त चमकते आणि लवकर विझते. मेमधल्या लातूर-परभणीच्या दुपारी सगळे आकडे हलतात, आणि सेलसाठीही ती खोली बरी नाही. अंधार पडल्यावर, दार लावून, मोबाईल खिशात ठेवून कामाला बसा. मोबाईलच्या स्क्रीनचा उजेडही या सेन्सरला पुरतो.

काय बिघडतं

चारही रोबोट एकाच वेळी डावीकडेच वळत असतील तर दोष मुंग्यांच्या सिद्धांतात शोधू नका. आर्डुइनोचं यदृच्छ आकड्यांचं फंक्शन प्रत्येक वेळी चालू केल्यावर तीच मालिका देतं. प्रत्येक रोबोटला बटण दाबून सुरू करा आणि बटण दाबलं त्या क्षणाचे मायक्रोसेकंद त्या फंक्शनला बीज (मालिका सुरू करणारा आकडा) म्हणून द्या. माणसाचं बोट चार वेळा एकाच मायक्रोसेकंदाला पडत नाही.

रोबोट डावा ठसा उजव्या तुकड्यावर देत असेल तर एक आडवी पट्टी मोजायची राहिली. ८ सेंटिमीटर प्रति सेकंद वेगाला टेपची रुंदी ओलांडायला दोनशे-सव्वादोनशे मिलिसेकंद लागतात, त्यामुळे वाचन संथ असलं तरच ती निसटते. लूपमध्ये कुठे मोठा डिले टाकला आहे का ते बघा. रस्ते जिथे मिळतात तिथेही तिन्ही सेन्सरना क्षणभर काळं दिसतं आणि खोटी खूण मोजली जाते. दुहेरी पट्टी त्या संगमानंतर हवी ती याचसाठी.

संगमावर दोन रोबोट एकमेकांना अडथळा समजून उभे राहिले तर तासभर तसेच राहतील. अडथळा दिसला की अर्धा ते दोन सेकंद यदृच्छ थांबा, मग पुढे सरका.

सगळ्यात फसवा बिघाड वेगळाच आहे. रोबोट छान फिरतात, ठसे उमटतात, पण दोन्ही रस्ते अर्धे-अर्धे वापरले जातात. अशा वेळी सामाईक तुकड्यावर रांग लागते आहे का ते बघा. एक रोबोट तिथे दोन थांब्यांसकट दहा-अकरा सेकंद घालवतो. मागचे खोळंबले की जवळून लवकर आलेला रोबोटही रांगेत उभा राहतो आणि त्याने कमावलेला वेळ तिथेच जातो. शर्यत फाट्यांत आहे आणि गाडी अडली आहे चौकात. या मापाच्या रस्त्यावर तीन रोबोट उत्तम, चार चालतात, पाचवा घालू नका. खऱ्या मुंग्यांतही गर्दीचा परिणाम होतो: अरुंद पुलावर दाटी झाली की परतणारी मुंगी समोरून येणारीला ढकलून दुसऱ्या फाट्यावर पाठवते, हे २००४ मध्ये दुसूतूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आपले रोबोट ढकलाढकली करत नाहीत, नुसते वाट बघतात.

विसरण्याची परीक्षा

नेहमीचा प्रयोग जमला की जवळच्या रस्त्याच्या सुरुवातीचे १० सेंटिमीटर पांढऱ्या कागदाने झाका आणि रोबोट सोडा. पट्टी सापडत नाही म्हणून सगळे लांबच्या रस्त्याने जातील. दहा मिनिटांनी हळूच कागद काढा आणि पुढची पंधरा मिनिटं प्रत्येक निवड वहीत लिहा. ब्रुसेल्सच्या मुंग्या इथेच अडकल्या होत्या.

तुमचेही बहुधा अडकतील. चार रोबोट ४१ सेकंदांच्या फेरीने मिनिटाला सहाच्या आसपास निवडी करतात. ५ टक्क्यांनी नवा रस्ता धरायचा तर साडेतीन मिनिटांत एखादाच तिकडे वळतो, आणि दुसरा येईपर्यंत त्याचा एकटा ठसा विझून गेलेला असतो. तळाची मर्यादा १५ टक्के करा, म्हणजे सत्तर सेकंदांना एक. ठसा द्यायचा वेळ २ सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणा, म्हणजे जुना तुकडा भरून जाणार नाही. मग मिळवायचा आकडाही नव्या ठशावरून पुन्हा मोजून घ्या. दोन्ही बदल एकदम करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

फराओ मुंग्या यावर आणखी एक तोड वापरतात. ज्या फाट्यापुढे खायला काही नाही त्याच्या तोंडाशी त्या ‘इकडे नको’ अशी वेगळी गंधखूण ठेवतात, हे २००५ मध्ये दिसून आलं. रोबोटसाठी त्याची सोय करायची तर तिसरा आणि चौथा चमकता तुकडा लावावा लागेल, किंवा शीट सोडून इएसपी३२ या रेडिओ असलेल्या बोर्डाकडे वळावं लागेल. तिथे फाट्यावर एक रोबोट उभा ठेवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याला रेडिओवरून आकडा सांगायचा आणि त्याने दर सेकंदाला तो आकडा थोडा कमी करायचा. पुसण्याचा वेग मग तुमच्या हातात येतो आणि खोलीत अंधारही लागत नाही. पण शीटवरची वही पूर्ण झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका. दर किती ठेवायचा हे त्या वहीतल्या पंधरा मिनिटांच्या नोंदींवरूनच ठरवता येतं.